दोन शताब्द्या, दोन उपनगरं

८ नोव्हेंबर १९१९ला पु. ल. देशपांडे जन्मले आणि १ ऑगस्ट १९२०ला अण्णा भाऊ साठे. मध्ये नऊ महिनेही नाहीत. पु.लं.चं बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि पुढे पार्ल्यात गेलं, शाळा पार्ले टिळक विद्यालय. वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत वर्षानुवर्षं राहिले. एकाच शहराच्या दोन उपनगरांतले हे दोन लेखक. त्यांच्या जन्मशताब्द्याही लागोपाठच आल्या, पण त्या दोघांच्या वाट्याला सारख्या आल्या नाहीत.

पु.लं.ची शताब्दी बहरली. ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ या चित्रपटाचे दोन भाग २०१९च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत पडद्यावर आले. सुधीर फडके आणि ग. दि. माडगूळकर यांचंही तेच शताब्दी वर्ष असल्यामुळे तिघांना एकत्र गुंफणारे कार्यक्रम ठिकठिकाणी झाले. लेखक लोकप्रिय, पुस्तकं दुकानात हजर आणि प्रेक्षागृहं उघडी. अशा वेळी शताब्दी वेगळी खपवावी लागत नाही.

१ ऑगस्ट २०२०ला यातलं काहीच जागेवर नव्हतं. करोनामुळे सभागृहांना कुलपं होती आणि लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होती. एरवी या तारखेला मिरवणुका निघतात, शाहिरी होते. शंभराव्या वर्षी मात्र माणसांना घरातच थांबावं लागलं. त्यात त्याच दिवशी लोकमान्य टिळकांच्या निधनालाही शंभर वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे वर्तमानपत्रांतली जागाही वाटून घ्यावी लागणार होती. ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहून ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणाऱ्या लेखकाच्या नशिबी हे यावं, याची हळहळ वाटते.

मराठीत या व्यवहारासाठी एक नेमका शब्द आहे : निमित्त. पुस्तक चांगलं आहे, एवढ्यावर पुरवणीच्या संपादकाला जागा देता येत नाही. ‘आजच का?’ हा प्रश्न त्याच्यापुढे असतोच, आणि ‘जन्मशताब्दीनिमित्त’ या एका शब्दात त्याचं उत्तर मिळतं. शाळेच्या फळ्यावरचा दिनविशेष, ग्रंथालयातलं प्रदर्शन, व्याख्यानमालेचा विषय, सगळं याच खुंटीला टांगलेलं असतं. काही प्रसंगांना तर दोन खुंट्या मिळतात. शिवराज्याभिषेक ६ जूनलाही साजरा होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही.

मात्र नेमक्या त्या दिवशी पुस्तक बाजारात आणणं बहुतेकदा उशिराचं ठरतं, कारण त्या दिवशी सगळेच बोलत असतात. १८५७च्या उठावाला २००७च्या मे महिन्यात दीडशे वर्षं पूर्ण झाली. विल्यम डॅलरिम्पल यांचं ‘द लास्ट मुघल’ आधीच्या वर्षी, २००६मध्येच आलं होतं. त्यामुळे दीडशेवं वर्ष उजाडलं तेव्हा चर्चेला पुस्तक हाताशी होतं. त्याच उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, १९०७मध्ये, वरसईच्या गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलं. उठाव डोळ्यांनी पाहिलेल्या मराठी माणसाची ही हकीकत दोन दशकांहून अधिक काळ हस्तलिखितातच होती. वैद्यांनी छापताना तिच्यात फेरफार केले. मूळ संहिता वाचकांना मिळाली ती दत्तो वामन पोतदारांच्या १९६६च्या आवृत्तीत.

सरकारनंही तारखांचा चांगला उपयोग केल्याची उदाहरणं आहेत. तुकोबांच्या वैकुंठगमनाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९५०मध्ये, तेव्हाच्या मुंबई सरकारनं त्यांची गाथा छापली. आजही अभ्यासक तिला ‘सरकारी गाथा’ म्हणूनच ओळखतात. वसंत मून यांनी संपादित केलेल्या आंबेडकरांच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ला, म्हणजे आंबेडकर जयंतीलाच, प्रकाशित झाला. हार सुकतात, गाथा आणि हे खंड मात्र अजून वापरात आहेत. शताब्दीच्या पैशातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या स्मरणिकांशी यांची तुलना करून पाहावी. त्यातल्या बहुतेक स्मरणिका वर्षभरात रद्दीत जातात.

तारीख आणि पुस्तक यांचं सगळ्यात घट्ट नातं दिसतं ते ६ डिसेंबरला दादरला. चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं दर्शनानंतर तिथे पुस्तकं चाळतात, निवडतात, पिशवीत घालून घरी नेतात. इथे प्रकाशकाला वाचक शोधावा लागत नाही. तारीख वाचकांनीच राखली आहे, आणि प्रकाशक तिच्या मागे येतो.

आणखी एक तारीख पंचांगात नसते, कायद्यात असते. भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५०ला गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११च्या पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी खुली झाली. मग वेगवेगळ्या प्रकाशकांच्या, वेगवेगळ्या किमतींच्या आवृत्त्या दुकानांत दिसू लागल्या.

अण्णा भाऊंचं निधन १८ जुलै १९६९चं. सप्टेंबर २०२२मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, ते चांगलंच झालं. त्यांच्या पुस्तकांची तारीख मात्र पुढे आहे : १ जानेवारी २०३०. त्या दिवसापासून त्यांच्या हयातीत आलेल्या कथा-कादंबऱ्या कोणालाही छापता येतील. जुन्या आवृत्त्या ताडून पाहणं, शुद्ध पाठ ठरवणं, टिपा लिहिणं, शाळकरी मुलांसाठी स्वस्त प्रती काढणं, या कामांना दोन-तीन वर्षं सहज लागतात. त्या वर्षीची १ ऑगस्ट गुरुवारी आहे. चिरागनगरात मिरवणूक निघेलच. तिच्या वाटेवर पुस्तकांचं एक टेबल मांडायचं असेल, तर कामाला आताच लागायला हवं.