आधी सिंह, मग शिकवण

श्रद्धेचा विषय घेऊन रंजक अद्भुतकथा लिहिता येते का? राक्षस, जादू आणि बोलणारे प्राणी यांच्या गर्दीत ख्रिस्ताची शिकवण हरवणार तर नाही?

मराठीला हा प्रश्न नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. ख्रिस्ती झालेल्या इथल्या माणसांच्या कानांना पुराणांची सवय होती. हे ओळखून त्यांनी बायबलमधली कथा ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. स्वर्गाला त्यांनी सरळ ‘वैकुंठ’ म्हटले. ही अद्भुतकादंबरी नव्हे. पण ऐकणाऱ्याच्या ओळखीची वाट धरावी, हा धडा तिथे आहे.

दुसरा धडा जॉन बन्यनचा. परवानगीवाचून प्रवचने केली म्हणून तो बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात होता. १६७८ मध्ये निघालेल्या त्याच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी भाषांतर हरि केशवजींनी १८४१ मध्ये केले. नायकाच्या पाठीवर ओझे आहे, वाटेत निराशेची दलदल आहे, संशयाच्या किल्ल्यात राक्षस आहे. ओझे कुणाच्या पाठीवर नसते? म्हणूनच परधर्माचा वाचकही त्याच्याबरोबर चालू लागतो.

सी. एस. लुईस तर आणखी पुढे गेले. त्यांची ‘नार्निया’ मालिका १९५० ते १९५६ या काळात सात पुस्तकांत आली. तिची सुरुवात शिकवणीतून नव्हे, एका चित्रातून झाली, असे त्यांनीच सांगितले आहे. बर्फाळ रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, अर्धा माणूस अर्धा बोकड असा एक प्राणी त्यांना दिसला होता. मग असलान हा सिंह आला. ‘असलान’ म्हणजे तुर्की भाषेत सिंह. हे नाव लुईस यांना ‘अरबी रात्रीं’च्या इंग्रजी भाषांतराच्या टिपांत सापडले. एका चुकलेल्या मुलासाठी असलान स्वतः मरतो आणि पुन्हा उठतो. वाचणारे मूल आधी सिंहासाठी रडते. ख्रिस्त आठवला तर तो नंतर.

सांगवीतला माझ्या ओळखीचा एक ख्रिस्ती तरुण अशीच कादंबरी लिहितो आहे. घरचे म्हणतील, देवाच्या गोष्टीत राक्षस कशाला? बाहेरचे म्हणतील, हा प्रचार आहे. मुसलमान असून मराठीत कविता लिहिताना अशी दुहेरी शंका मीही अनुभवली आहे. त्याला मी तीनच गोष्टी सांगितल्या. खलपुरुषाला दुसऱ्या धर्माचा पोशाख घालू नकोस. शेवटच्या पानावर चमत्कार करून नायकाला सोडवू नकोस. सुटकेची किंमत कुणीतरी मोजलेली दिसू दे. आणि तात्पर्य लिहू नकोस.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्रामा’त साधनेचे युद्धच उभे केले आणि ते मराठी माणसाने आपले मानले. कवीचा धर्म कोणता, हे त्याच्या आड आले नाही. गोष्ट खरी उतरली की वाचक दार उघडतो. मग श्रद्धेला दार ठोठवावे लागत नाही.