मुंबईवर येणारा लघुग्रह आणि पनवेलचा कातळ

‘२०३२मध्ये लघुग्रह आदळणार, धोक्याच्या पट्ट्यात मुंबई’ अशा बातम्या २०२५च्या फेब्रुवारीत झळकल्या. मुंबईचं नाव आलं की पनवेलकरांच्या पोटात गोळा येणारच. लघुग्रह खरा होता. ‘२०२४ वायआर४’ हे त्याचं नाव, आकार साधारण ६० मीटर, चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीने तो २७ डिसेंबर २०२४ला टिपला होता. पट्टाही खरा होता: पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र ते दक्षिण आशिया. पण त्या पट्ट्याचा अर्थ ‘टक्कर झालीच, तर या हजारो किलोमीटरांत कुठेतरी’ एवढाच होता. मुंबईच्या वाट्याला त्यातला नगण्य अंश येत होता.

खरी भीती पसरली ती टक्केवारीने. १८ फेब्रुवारीला शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली आणि आकडा वाढतोय म्हणजे संकट जवळ येतंय, असं लोकांनी धरलं. तसं नसतं. अंगणात अंगठी हरवली आणि तीन कोपरे धुंडाळून झाले, की चौथ्या कोपऱ्यात ती असण्याची शक्यता वाढते; अंगठी मात्र जागची हललेली नसते. लघुग्रहाच्या संभाव्य मार्गांचा पट्टा निरीक्षणांगणिक अरुंद होतो. पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर तिचा वाटा वाढतो, आणि ती कडेबाहेर पडली की शून्याकडे कोसळतो. इथेही तेच घडलं. आठवडाभरात पृथ्वीला असलेला धोका जवळपास संपला. धोका मिटला ही बातमी पहिल्या बातमीइतक्या मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

पुढची अफवा ॲपोफिसची असेल. सुमारे ३५० मीटरचा हा लघुग्रह भूपृष्ठापासून जेमतेम ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आपल्या टीव्हीचे संकेत पाठवणाऱ्या भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. दिवस शुक्रवार, १३ एप्रिल २०२९. आपल्याकडे तेव्हा १४ तारखेची पहाट, सव्वातीनची वेळ. त्यात अमावास्या! ‘तेरा तारीख, शुक्रवार, अमावास्या’ अशी जुळणी अफवा पिकवणाऱ्यांना आयतीच मिळते. अमावास्येचा परिणाम एकच: आकाश अधिक काळोखं राहील आणि हा ठिपका दुर्बिणीविना दिसण्याची संधी वाढेल. २००४मध्ये त्याच्याही टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. २०२१च्या रडार मोजणीनंतर निदान शंभर वर्षं तरी तो धडकणार नाही, हे नक्की झालं.

त्याच्या ओढीने भूकंप होतील, समुद्र उसळेल, असंही सांगितलं जाईल. भरती-ओहोटी घडवणाऱ्या चंद्रापुढे साडेतीनशे मीटरचा दगड कसपटासमान आहे. उलट पृथ्वीच त्याची कक्षा आणि त्याचं गिरकी घेणं बदलून टाकेल.

‘संभाव्य धोकादायक’ हा शिक्काही असाच फसवा. साधारण १४० मीटरहून मोठा आणि पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत ज्याची कक्षा येते, असा लघुग्रह या यादीत जातो. ७५ लाख किलोमीटर म्हणजे चंद्राच्या अंतराची जवळपास वीस पट!

आता आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल. पनवेलजवळ कातळाचे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. भूशास्त्रात या वाकेला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. डायनोसोर संपवणारा लघुग्रह मुंबईजवळच्या समुद्रात पडला, अशी ‘शिवा विवरा’ची मांडणी शंकर चॅटर्जी यांनी केली आणि तिच्या पुराव्यांत ही वाकही आणली. बहुतेक भूशास्त्रज्ञांना ही मांडणी पटलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताचं मान्य विवर मेक्सिकोत आहे, चिक्शुलूबला. इथला काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हाचाच.

महाराष्ट्रातला सिद्ध झालेला आघात बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर पूर्वी ज्वालामुखीचं समजलं जाई. जोरदार धक्क्यानेच बनणारी काच आणि विदीर्ण खडक सापडले आणि १९७०च्या दशकात तो वाद मिटला. ‘वय पन्नास हजार वर्षं’ असं अजून सांगतात, पण २०१०च्या आसपासच्या आर्गॉन मापनाने ते ५ लाख ७० हजारांच्या घरात नेलं. २०२०मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, त्यामागे आकाशातलं काही नव्हतं. ती खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची करामत.

लघुग्रहापुढे माणूस अगदीच हतबल, हेही खरं नाही. २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा त्याचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. लडाखमधल्या हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण अशा पाहुण्यांचा माग काढते.

काळजी करायचीच तर न सापडलेल्या लहान दगडांची करावी. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड सूर्याच्या दिशेकडून आला, म्हणून तो आधी कुणाला दिसलाच नाही. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. आधी लखलखाट झाला. काय झालं ते बघायला लोक खिडकीशी गेले आणि दोनेक मिनिटांनी हवेचा दणका आला. खारघर-कामोठ्याच्या काचेरी इमारतींत राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: आकाशात डोळे दिपवणारा लोळ दिसला, तर काचेपासून लांब व्हायचं आणि निदान पाच मिनिटं लांबच थांबायचं.