धक्क्याला बांधलेली होडी

मिस्त्री चारही चाकांना लाकडी ठोकळे लावतात, हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून बघतात आणि गल्लीतल्या पोरांना हाकलतात. "समोर कुणी नको. मागंपण नको." मी त्यांच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर वही घेऊन. माझ्याकडं एकच काम आहे: इंजिनाच्या फेऱ्यांची सुई जिथं थांबेल तो आकडा टिपायचा.

डावा पाय ब्रेकवर रोवलेला. दांडा डीवर येतो. उजवा पाय थेट तळाला जातो आणि डिझेल इंजिन असं गरजतं, की डॅशबोर्डवरचा गणपती थरथरायला लागतो. गाडी अंगाला पीळ देते, पण जागची हलत नाही. एक, दोन, तीन, चार. सुई चढता चढता अडते. पाय वर येतो, दांडा न्यूट्रलला जातो, पण मिस्त्री इंजिन बंद करत नाहीत.

"किती?"

"साडेचौदाशे."

"राहू दे दोन मिनिटं असंच. तेल फिरू दे, थंड होऊ दे." मग माझ्या वहीत डोकावून ते कंपनीच्या पुस्तकातला आकडा स्वतःच्या हातानं खाली लिहितात: 2200. दोन आकड्यांच्या मध्ये एक रेघ मारतात. "एवढा फरक. उगाच नाही गाडी उचलत."

सकाळचे साडेनऊ वाजलेत. माहुल गावाकडं वळणाऱ्या रस्त्यालगतचं हे गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, एक खड्डा आणि बाहेर उभा बॅकहो लोडर. मिस्त्रींचं मूळ काम त्याच यंत्रांचं. टॉर्क कन्व्हर्टरशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या डब्याशी, त्यांचा हात बसला तो बॅकहोवर, मोटारींवर नव्हे. बाहेर रस्त्यावर टँकरची रांग लागलीय. तेलाचा तो वास, जो इथल्या माणसांना आता येतही नाही, मला मात्र घशाशी जाणवतोय. 1954 आणि 1955 मध्ये इथले दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, तेव्हापासून हा रस्ता टँकरचा आहे. रांग दहा हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक सरकण्याला एक क्लच अर्धवट सुटतो. मधूनच जळक्या क्लचप्लेटचा वास येतो, तो या तेलाच्या वासातूनही वेगळा कळतो.

पिकअप ज्याची आहे तो तरुण गावातल्या कोळीवाड्यातला. कारखान्यांतल्या ठेकेदारांना व्हॉल्व्ह, फ्लँज, गॅसकेट पोचवतो. त्याचे वडील शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत. त्यांची होडी अजून खाडीत जाते. गाडीची तक्रार सरळ आहे: महामार्गावर ठीक पळते, पण थांबलेली गाडी निघायला तयार नसते. भरलेली असली की मानखुर्दच्या पुलावर मागचे हॉर्न वाजवायला लागतात.

दीड वाजता गिअरबॉक्स जॅकवरून खाली येतो. त्याच्या तोंडातून मिस्त्री कन्व्हर्टर दोन्ही हातांनी बाहेर ओढतात. भलामोठा पोलादी डबा, डोनटसारखा फुगीर, आतल्या तेलानं जड झालेला. ट्रेमध्ये तेल ओततात. लाल असायला हवं होतं, चहाच्या रंगाचं निघतं. मग दोन बोटं मधल्या दात्यांत घालून फिरवतात. उजवीकडं फिरतं. डावीकडंही फिरतं.

"बघ." तरुणाचा हात धरून ते त्याची बोटं आत घालतात. "एकीकडं फिरायला हवं, दुसरीकडं अडायला हवं. हा दोन्हीकडं मोकळा फिरतोय. स्टेटर गेला."

डब्यात काय चालतं ते मिस्त्री ऑइलनं माखलेल्या पुठ्ठ्यावर काढून दाखवतात. इंजिनाला जोडलेला पंप तेल बाहेर फेकतो. समोरचं टर्बाइन ते तेल झेलतं आणि गिअरबॉक्स फिरवतं. टर्बाइनातून परत येणारं तेल उलट्या दिशेनं येतं, ते तसंच पंपावर आदळलं तर पंपालाच अडवेल. म्हणून मध्ये स्टेटर. तो परतणाऱ्या तेलाचं तोंड वळवतो आणि ते पंपाच्याच दिशेनं लावून देतो. गाडी उभी असताना या एका वळणामुळं इंजिनाचा जोर चाकांकडं जाताना दुपटीच्या आसपास वाढतो. स्टेटर मोकळा फिरला की तो वाढीव जोर गेलाच, वर परतणारं तेल इंजिनालाच मागं दाबतं. म्हणून सुई 1450 ला अडकली.

फोन वाजतो. कन्व्हर्टर भरून देणारा दुकानदार पलीकडून विचारतोय: जुन्या मापाचा भरून देऊ, की 2800 स्टॉलचा देऊ? दोन्ही तयार आहेत, फरक फार नाही, आणि 2800 वाला "सिग्नलला उडी मारतो". तरुणाचे डोळे चमकतात. तो स्पीकर चालू करतो. मिस्त्री हातानं खूण करून फोन ठेवायला सांगतात. "पाच मिनिटांत कळवतो म्हण."

"स्टॉल म्हणजे काय रे?" वडील विचारतात. हा प्रश्न ते मुलाला करतात, पण मुलाला नीट सांगता येत नाही.

"काका," मिस्त्री म्हणतात, "चाकं धरून ठेवली आणि इंजिनाला पूर्ण रेस दिली, तर इंजिन जिथपर्यंत पळेल आणि त्यापुढं पळणार नाही, तो आकडा."

म्हातारबाबा क्षणभर रस्त्याकडं बघतात. "म्हंजे होडी धक्क्याला बांधायची न् मशीन फुल सोडायची. होडी जात नाय. मशीन पन एका हद्दीपुढं पळत नाय. पानी धरून ठेवतं तिला."

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबतो. "हेच. अगदी हेच."

मलाही इतकं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं, पण त्यात नवल काहीच नाही. हा डबा मुळात जहाजासाठीच जन्माला आला. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा तो स्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात होता. वाफेचं टर्बाइन फार जोरात फिरायचं आणि जहाजाचा पंखा हळू फिरायला हवा होता. त्या दोघांमध्ये द्रव घालून जोर पोचवायची युक्ती त्यानं काढली. मोटारींत ती रुजायला आणखी चार दशकं गेली.

"आमचा पंखा मोडला होता एकदा," म्हातारबाबा पुढं सांगतात. "तवा एक इंच लहान बसवला. मिळाला तो घेतला. मशीन नुसती ओरडायची, डिझेल प्यायची. ओहोटीच्या उलट्या पान्यात भरलेली होडी घेऊन येताना जागची हलंना."

मिस्त्री टेप काढून जुन्या कन्व्हर्टरचा व्यास मोजतात: 26 सेंटिमीटर. मग माझ्या वहीत आकडेमोड करायला लावतात. द्रवात फिरणाऱ्या पंख्याला किती जोर पेलवतो हे त्याच्या व्यासाच्या पाचव्या घातावर आणि फेऱ्यांच्या वर्गावर ठरतं. पाणी असो की तेल, नियम एकच. तेवढाच जोर पेलत 2200 चे 2800 करायचे तर व्यास किती कमी हवा? मी पुन्हा पुन्हा करून बघतो. साडेतेवीस सेंटिमीटरच्या थोडंसं वर. म्हणजे जवळपास एक इंच कमी. म्हातारबाबांच्या पंख्यात गेला होता तेवढाच. त्या खुर्चीकडं बघून माझ्या अंगावर शहारा येतो.

मिस्त्री तरुणाला समोर बसवतात आणि एकेक विचारत जातात.

"सकाळी कधी निघतोस?"

"साडेसहाला."

"भरती किती?"

"चारशे किलो. कधी नऊशे."

"इथून बाहेर पडायला?"

"टँकर असले तर तास. कधी दीड तास."

"मग?"

"शीव-पनवेल, वाशीचा पूल, रसायनी. संध्याकाळी परत तसंच."

"वाशीपलीकडं साठच्या वेगानं चाललास की आतला लॉकअप बसतो. पंप आणि टर्बाइन एकमेकांना घट्ट. तिथं 2200 असो की 2800, घसरणच नाही, फरकच नाही. फरक कुठं पडणार?" ते रस्त्याकडं बोट करतात. टँकरची रांग दहा हात सरकते. "तिथं. त्या दीड तासात."

मग ते वहीत लिहून दाखवतात. जे ओझं जुना कन्व्हर्टर 1100 फेऱ्यांवर ओढतो, तेच ओढायला 2800 वाल्याला 1400 लागतात. दर दहा हातांना. रोज. त्या जादा फेऱ्यांचं डिझेल जळणार आणि घसरणीत गेलेला जोर उष्णता होऊन तेलात उतरणार. या इंजिनाचा जोर 360 न्यूटन-मीटर. सकाळी आपण गाडी धरून पूर्ण रेस दिली. धड कन्व्हर्टर असता आणि सुई 2200 वर अडली असती तर 83 किलोवॅट ताकद कुठंच न जाता तेलात मुरली असती. घरातले दोन किलोवॅटचे चाळीस गिझर एकदम लावावेत तसं. म्हणून तर पाच सेकंदांवर जायचं नाही. रांगेत एवढी उष्णता नसते, पण ती दीड तास असते आणि रोज असते.

"आणि तुझ्या इंजिनाचा खरा जोर दोन हजारांपासून अडीच हजारांपर्यंत. 2800 ला तो उतरणीला लागलेला असतो. शर्यतीच्या पेट्रोल गाडीचं इंजिन वर जाऊन जोर देतं, तिला जास्त स्टॉल लागतो. तुझं डिझेल तसं नाही. जोर संपल्यावर गाडीला पकडून काय फायदा?"

तरुण गप्प. वडील मात्र दुसऱ्या टोकाला जातात. "मंग कमी घे ना. सतराशे. तेल तापनारच नाय."

"नाही काका. सतराशेला टर्बो भरलेला नसतो. नऊशे किलो घेऊन मानखुर्दच्या पुलावर निघायचं आणि इंजिन दबून धूर काढतंय, असं होईल. शिवाय सिग्नलला नुसत्या आयडलवर गाडी पुढं ओढत राहणार, दिवसभर ब्रेकवर पाय दाबून बसावं लागेल. जोर जिथं सुरू होतो त्याच्या जरा पुढं पकडायचं, आणि तिथून वर जायचं नाही. कंपनीनं 2200 उगाच नाही ठेवलंय."

मला हे बोलणं ऐकत राहावंसं वाटतं. आकडा शोधायला मिस्त्री इंजिनापासून सुरुवात करत नाहीत. साडेसहाची वेळ, टँकरची रांग, नऊशे किलोचे फ्लँज, तिथून ते सुरू करतात. यंत्राविषयी असं विचारणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

तरुण जुन्या स्टेटरचा दात्यांचा गोल बोटांनी फिरवतो. उजवीकडं, डावीकडं. दोन्हीकडं मोकळा.

"सिग्नलला थोडी उडी तरी मारेल ना पण? नवीन स्टेटरनं?"

"आत्ताच्या दुप्पट," मिस्त्री म्हणतात. "तुझी तक्रारच तेवढी होती."

तरुण फोन उचलतो, स्पीकर न लावता बोलतो. "हो. जुन्याच मापाचा. स्टेटर नवा, लॉकअपची प्लेटपण नवी टाका." मग ऐकतो. "नाही, 2800 नको."

ट्रेमधलं चहाच्या रंगाचं तेल मिस्त्री कॅनमध्ये ओततात, कूलरच्या नळ्या धुवायला काढून ठेवतात. जुन्या तेलातला कचरा नव्या कन्व्हर्टरमध्ये जायला नको. मग खिशातून खडू काढतात. पुसून कोरड्या केलेल्या पोलादी पाठीवर मोठ्या अक्षरांत 2200 लिहितात आणि खाली एक रेघ ओढतात. गोणपाटात गुंडाळलेला डबा तरुण स्कूटरच्या पायाशी उभा ठेवतो, दोन्ही गुडघ्यांत धरतो. म्हातारबाबा मागं बसतात. "वाटेत धक्क्यावर सोड मला," ते म्हणतात. "भरती लागलीय."