राउटरांची वेळजुळणी

अनेक ठिकाणी विखुरलेल्या राउटरांची घड्याळे एकाच प्रमाणवेळेशी जुळती ठेवण्याच्या व्यवस्थेस वेळजुळणी म्हणतात. त्यासाठी डेलावेअर विद्यापीठातील डेव्हिड मिल्स यांनी विकसित केलेला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल (एनटीपी) वापरतात. त्याची चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.

राउटरमधील स्फटिकाचे घड्याळ हळूहळू पुढे-मागे सरकतेच. अनेक शाखांच्या संस्थेत बिघाडाचा उगम नोंदींच्या क्रमावरून शोधावा लागतो. घड्याळे जुळत नसतील, तर परिणाम कारणाच्या आधी घडल्यासारखा दिसतो.

सामान्यतः मुख्य केंद्रांतील मोजके राउटर बाहेरून वेळ घेतात आणि शाखांना पुरवतात. मूळ घड्याळापासूनचे अंतर १ ते १५ या स्तरांनी दर्शवितात. १६ म्हणजे वेळ जुळलेली नाही. स्रोत किती असावेत, हा खरा कळीचा प्रश्न होय. दोनच असून त्यांत तफावत पडल्यास चुकीचा कोणता, हे राउटरला ठरविता येत नाही. (दोन घड्याळांच्या घरातील अडचणही हीच.) तिघांत बहुमत होते, एक बंद पडला तरी ते टिकावे म्हणून चार ठेवणे श्रेयस्कर.

संदेशाला जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो, असे एनटीपीत गृहीत धरलेले असते. जाताना ४० आणि परतताना १० मिलिसेकंद लागल्यास घड्याळ १५ मिलिसेकंदांनी चुकते.

भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र वा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळणी बंधनकारक आहे. परदेशांतही शाखा असलेल्या संस्थांना अन्य अचूक स्रोत चालतो. मात्र तो या वेळेपासून ढळता कामा नये.