आंधळ्या सहीचे पाकीट

ऑनलाइन खरेदीसाठी आज वापरले जाणारे ‘वॉलेट’ बहुतांशी ग्राहकाचे खाते वा कार्ड ओळखून देण्याचे काम करते. बँकेने सही केलेला पैसा त्यात क्वचितच असतो. १९९०च्या दशकात अ‍ॅम्स्टरडॅमच्या ‘डिजिकॅश’ कंपनीने तयार केलेले ‘ई-कॅश’ मात्र शब्दशः पाकीट होते, कारण त्यातील नाणी, म्हणजे बँकेची डिजिटल सही असलेले लांबलचक आकडे, ग्राहकाच्याच संगणकाच्या हार्ड डिस्कवर राहत.

या रचनेचा पाया अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२मध्ये मांडलेल्या ‘आंधळ्या सही’त होता. नाण्याचा क्रमांक बँक ठरवत नसे. पाकिटाचे सॉफ्टवेअर तो स्वतःच यदृच्छेने निवडी, एका गुप्त संख्येच्या साहाय्याने झाकून टाकी आणि मगच सहीसाठी बँकेकडे पाठवी. चॉम यांनी यासाठी कार्बन लावलेल्या लिफाफ्याचा दृष्टान्त दिला आहे: बंद लिफाफ्यावर वरून सही केली की ती आतल्या चिठ्ठीवर उमटते, पण सही करणाऱ्याला चिठ्ठीतला मजकूर दिसत नाही. बँक खात्यातून रक्कम वजा करून सही देई, सॉफ्टवेअर झाकण काढून घेई, तरीही सही क्रमांकावर शाबूत राही. पुढे दुकानदाराने ते नाणे भरले की सही आपलीच आहे हे बँकेला पटे, परंतु ते मुळात कोणी काढले होते याचा माग तिला लागत नसे. आकड्याची नक्कल कोणालाही करता येते, म्हणून एकच नाणे दोनदा खर्चले जाऊ नये यासाठी वटलेल्या क्रमांकांची यादी बँक ठेवी आणि प्रत्येक नाणे तिच्याशी ताडून पाही. ग्राहकाचे खासगीपण बँकेच्या सचोटीवर न सोपवता गणितातच गोवले गेले, हे या पाकिटाचे खरे मोठेपण होय.

अमेरिकेत सेंट लुइसच्या मार्क ट्वेन बँकेने १९९५मध्ये खऱ्या डॉलरच्या बदल्यात ही नाणी देण्यास आरंभ केला. दुकाने थोडी म्हणून ग्राहक थोडे, आणि ग्राहक थोडे म्हणून दुकाने थोडी, या फेऱ्यात मात्र ई-कॅश अडकले; शिवाय ब्राउझरमध्येच सांकेतिक लिपीत गुंडाळून कार्डाचा क्रमांक पाठवता येऊ लागल्यावर वेगळे सॉफ्टवेअर बसवण्याची तसदी फारसे कोणी घेईना. १९९८मध्ये डिजिकॅशने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या अपयशाची कारणे बाजाराच्या बाजूची होती. आंधळ्या सहीचे गणित आजही तितकेच पक्के आहे. प्रत्येक खरेदीची नोंद कोणाच्या तरी दप्तरी राहिल्याशिवाय डिजिटल पैसा चालणारच नाही, असे जे मानतात त्यांनी हा प्रयोग आधी अभ्यासावा.