घरातला रियाज

पावसाळा सुरू झाला, की मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवतात. मच्छीमार जाळी दुरुस्त करत बसतात. याच दिवसांत गावात पखवाजाचा आवाज घुमू लागतो. पुढे गणेशचतुर्थीला घरोघर भजने व्हायची असतात. दशावतारी नाटकातही पेटी आणि झांजेबरोबर पखवाज लागतोच.

तुमचे धाकटे भावंड असे एखादे वाद्य शिकत असेल. तुम्हाला ते वाजवता येत नसले, तरी तुम्ही त्याला मदत करू शकता. गुरुजी आठवड्यातून एकदोनदाच शिकवतात. शिकलेले टिकते ते घरच्या सरावामुळे. या सरावाला 'रियाज' म्हणतात. हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे.

रियाजाची वेळ ठरवून द्या. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे चांगले. रोजच्या सवयीनेच हात वळतो.

वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हणून घ्या. जे तोंडाला येते, ते हाताला लवकर येते. भजनी ठेक्यात 8 मात्रा असतात. तुम्ही एक ते आठ सावकाश मोजा आणि 'एक' म्हणताना टाळी द्या. सोप्या जागी मूल धावते, अवघड जागी अडखळते. तुमच्या टाळीमुळे ते त्याच्या लक्षात येईल. चूक झाली तर सगळे पुन्हा वाजवायला लावू नका. तेवढाच तुकडा हळूहळू म्हणा आणि वाजवा.

वाद्याचीही काळजी घ्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. त्यामुळे आवाज खोल होतो. वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावी लागते. समुद्राकाठच्या दमट हवेत चामडे ओल धरते, सैल होते आणि आवाज बसतो. अशा वेळी दोष मुलाच्या हाताचा नसतो. हे त्याला सांगा, नाहीतर ते निराश होईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चुकलेल्या बोलाला हसू नका. एकदा हसे झाले, की पुष्कळ मुले वाद्याला हात लावत नाहीत. प्रसिद्ध तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन (1951–2024) यांचे पहिले गुरू त्यांचे वडील उस्ताद अल्लारखा हेच होते. लहानपणी वडील आपल्या कानात तबल्याचे बोल म्हणत, असे ते सांगत.

प्रत्येक घरात उस्ताद नसतो. पण शेजारी बसून टाळी देणारे कोणीतरी असू शकते. जाळे एकेक गाठ मारूनच विणले जाते. रियाजाचेही तसेच आहे. आज संध्याकाळी तुमचे भावंड वाद्य घेऊन बसले, की तुम्हीही त्याच्याजवळ बसा.