कानबाईच्या आठवड्यातली गोळी

नागपंचमी झाली की जळगाव-धुळ्याकडे कानबाईची लगबग सुरू होते. त्याच दिवसांत औषधाच्या दुकानात एखादी बाई गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबते आणि मग हळूच म्हणते, "भाऊ, पाळी पुढे जायची गोळी द्या." रविवारी कानबाई बसणार, रोट होणार, सगळी भाऊबंदकी एका घरात जमणार आणि तारीख नेमकी तेव्हाच. चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी असते, वैशाखात घरचं लग्न. कारण बदलतं, गोळी बहुधा तीच असते.

त्या गोळीचं नाव नॉरइथिस्टेरॉन. 1951 मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका प्रयोगशाळेत, रानकंदातून काढलेल्या रसायनापासून ती पहिल्यांदा तयार झाली. पुढे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांतही ती आली. पाळीच्या आधीचे दोनेक आठवडे बीजकोशातून प्रोजेस्टेरॉन पाझरत असतं आणि त्याच्या आधारावर गर्भाशयाचं अस्तर टिकून असतं. ते कमी झालं की अस्तर सुटतं, पाळी येते. गोळी प्रोजेस्टेरॉनचं काम उसनं करते. गोळी बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते.

इथेच पहिला घोळ होतो, आणि तो साध्या हिशेबाचा आहे. नेहमीची पद्धत अशी की पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरुवात करायची आणि 5 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीनदा घ्यायची. समजा पाळी शुक्रवारी अपेक्षित आहे, कानबाई रविवारी आणि विसर्जन सोमवारी. म्हणजे मंगळवारी सकाळी सुरू करून सोमवारी रात्रीपर्यंत सात दिवस, एकवीस गोळ्या. दुकानातून येते दहा गोळ्यांची एक पट्टी. ती शुक्रवारी सकाळी संपते आणि दोन-तीन दिवसांनी, ऐन रविवार-सोमवारी, पाळी हजर! मग "गोळी डुप्लिकेट होती" म्हणून दुकानदाराला बोल. आदल्या दिवशी आठवण झाली, रक्तस्राव सुरू झाल्यावर गोळी घेतली, तरीही भरवसा राहत नाही. पाळी मुळात अनियमित असेल तर तारीखच अंदाजाची, तिथे हा हिशेब जमणं आणखी कठीण.

पण चुकलेला हिशेब फार तर हिरमोड करतो. खरी काळजी वेगळी आहे. ही गोळी पोटात गेल्यावर तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे त्या बाबतीत कमी मात्रेची गर्भनिरोधक गोळी घेतल्यासारखंच. अशा गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांमागे वर्षाला दोघींना शिरेत रक्ताची गुठळी होते. त्या घेणाऱ्यांत हा आकडा पाच ते सातच्या आसपास जातो. निरोगी बाईने सात दिवस गोळी घेतली तर घाबरण्याचं कारण नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. मात्र आपण निरोगी गटात बसतो की नाही, हे काउंटरवर कोणी विचारत नाही. ही चिठ्ठीवरच द्यायची गोळी आहे, ती याचसाठी.

डॉक्टर काय विचारतील? आधी कधी गुठळी झाली होती का, आई-बहिणीला झाली होती का. अर्धशिशीत डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसतो का. यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, वाढलेला रक्तदाब, बरंच जास्त वजन, धूम्रपान, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन. दिवस गेलेले नाहीत ना, हेही. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनमुळे आणि फिटच्या काही औषधांमुळे गोळीचा परिणाम उतरतो, म्हणून चालू औषधं सांगायलाच हवीत. आपल्या भागासाठी आणखी एक प्रश्न मी मुद्दाम जोडेन: सिकलसेल. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या आणि आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे आणि त्यात रक्त गोठण्याचा धोका मुळातच अधिक असतो. तपासणीचं कार्ड घरात असेल तर ते घेऊनच डॉक्टरांकडे जा. धोका असलेल्या बाईसाठी डॉक्टर कधी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन निवडतात, कारण त्याचं असं इस्ट्रोजेन होत नाही. कधी "या वेळी नकोच" असंही सांगतात. जाऊबाईंची उरलेली पट्टी त्यांना चालली म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही.

माला-एन घेणाऱ्यांचं काम सोपं आहे. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. त्या न घेता लगेच नवं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते. तरी पहिल्यांदा करताना आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या. नॉरइथिस्टेरॉन मात्र अशी चार दिवस घेतल्याने गर्भधारणा टळत नाही. गोळी थांबवून आठवडा झाला आणि पाळी आली नाही तर लघवीची तपासणी करावी.

मळमळ, छाती जड वाटणं, डोकेदुखी, चिडचिड, मधेच डाग लागणं हे बहुधा तात्पुरतं असतं. पायाचं दुखणं मात्र नीट पाहायला हवं. दोन दिवस चुलीपुढे उभं राहिल्यावर पाय सगळ्यांचेच दुखतात, पण दोन्ही दुखतात. एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि ठणकती झाली, एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, तर सकाळची वाट पाहू नये. 2025 च्या ऑगस्टमध्ये रक्तवाहिन्यांच्या एका शल्यचिकित्सकाने मुलाखतीत सांगितलेली घटना देशभर बातम्यांत आली होती: अठरा वर्षांची मुलगी, घरी पूजा होती म्हणून तिने तीन दिवस पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या होत्या. पायातली गुठळी बेंबीपर्यंत पोचली होती. डॉक्टर लगेच दाखल करा म्हणत होते, घरचे सकाळी आणतो म्हणाले. त्याच रात्री ती गेली. असं क्वचितच होतं, पण त्या एका रात्रीचं महत्त्व यातून कळतं. अशा वेळी 108 ला फोन करा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथे पोचल्यावर गोळी घेतल्याचं आधी सांगा. लाजेपोटी तेच लपवलं जातं.

रात्रभर बसने पुण्या-मुंबईला जायचं असेल तर मधे उतरून चार पावलं चाला. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. आणि कानबाईच्या निमित्ताने एक विचारते: त्या दिवशी गोळी कुणाला हवी आहे, तुम्हाला की घरच्यांना? तुम्हाला हवी असेल तर तारखेच्या दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जा. नको असेल तर डॉक्टरांकडे जाण्याचंही कारण नाही. पाळी हा आजार नाही.